डॉक्टर सांगतील

मुलीचं लाडाचं नाव भिंगरी, पण खरी भिंगरी होती ती आईच्या पायाला. मुलांच्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकावर बाकीच्या आया मुलं मांडीवर घेऊन गुमान बसल्या होत्या. ही एकटी येरझाऱ्या घालत होती. खिडकीपाशी जायची, घड्याळ बघायची, परत यायची, लेकीच्या पोटावर हात ठेवायची, विचारायची, "आता दुखतंय?" मुलगी म्हणायची, "थोडं." की ही पुन्हा खिडकीकडे. लेक मात्र बाकावर पाय जुळवून अशी बसली होती, की कुणी तिला भिंगरी म्हणतं यावर विश्वास बसू नये.

पूर्वी बसायचा. मागच्या वर्षापर्यंत ही पोर स्वतःभोवती गोल फिरत फिरत घरभर हिंडायची आणि भिंतींना धडकायची. आता तीन घास खाल्ले की पोट धरायची. शाळेत निघताना, झोपताना, आई कामाला निघाली की हमखास. शिक्षिकेनं दोनदा घरी पाठवलं. वजन उतरलं, फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागले.

आणि आई साधीसुधी आई असती तर एक वेळ चाललं असतं. ती याच दवाखान्यात, तळमजल्यावरच्या अंधाऱ्या खोलीत सोनोग्राफी करायची. दिवसभर लोकांच्या पोटांत बघणं हाच तिचा धंदा. यकृत, पित्ताशय, मूत्रपिंडं, बाळं. जगातल्या कुणाच्याही पोटात काय आहे ते तिला कळायचं आणि पोटच्या पोरीच्या पोटात काय आहे ते कळत नव्हतं. तिचा जीव कसा टांगणीला लागला असेल ते कुणीही समजू शकतं. तरी सांगतो, तिच्या या धावपळीचा मला अधूनमधून रागच येतो.

"ताई, रक्त झालं, लघवी झाली, एक्स-रे झाला," मुलांचे डॉक्टर म्हणाले. दोघं एकाच इमारतीत काम करणारे, त्यामुळे बोलणं मोकळं होतं. "सोनोग्राफीचं तर मी विचारतच नाही. किती वेळा केलीत?"

"एकदोनदा."

भिंगरीनं आईकडे पाहिलं. तपासायच्या पलंगावर झोपवल्याबरोबर तिनं आपण होऊन फ्रॉक वर केला, आधी डाव्या कुशीवर वळली, मग उजव्या, आणि खोल श्वास घेऊन धरून ठेवला. कुणी सांगितलंही नव्हतं. डॉक्टर काय समजायचं ते समजले.

"दुर्बीण घालून बघा," आई म्हणाली. "मशीनला न दिसणारं काहीतरी असेल. आतडं सुजलेलं असेल."

"एवढ्याशा पोरीला भूल द्यायची?"

"द्या. पण एकदाचा सोक्षमोक्ष लावा."

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "तारीख देतो महिनाअखेरची. पण तोवर हिला वरच्या मजल्यावर खेळघरात न्यायचं. ही माझी अट."

"डॉक्टर, हिचं पोट दुखतंय. हिला खेळायला सोबत मिळत नाही अशी माझी तक्रार नाही."

"दुखतंय, शंभर टक्के दुखतंय. ती नाटक करत नाही. पण दुखणं पोटात आहे म्हणून कारणही पोटातच असेल असं नाही ना? या वयात मनातलं सांगायला शब्द कुठे असतात? पोट दुखतंय एवढं सांगता येतं, तेवढं ती सांगतेय."

आईनं नाक मुरडलं, पण तारीख मिळाली होती. जिन्यावरून उतरताना तिनं मनातल्या मनात अट पूर्ण करूनही टाकली.

घरी बाबा आधीच आलेला होता. बेकरीची गाडी चालवायचा, पहाटे जायचा आणि दुपारी घरी यायचा. दारात भिंगरी उभी राहिली आणि मुठीनं दार ठोठावायला लागली.

"आली आमची जुन्या जमान्यातली पाहुणी," बाबानं दार उघडत म्हटलं. "अगं, बेल कशाला लावली आहे मी? हिला हल्ली बेल वाजवायला काय होतं कुणास ठाऊक. काल लिफ्टसमोर उभी राहिली होती, कुणीतरी येऊन बटण दाबेल म्हणून. शेवटी जिना चढून आली. वर पोट दुखतं म्हणते!"

"तिची तब्येत बरी नाही आणि तुला गंमत सुचते," आई म्हणाली. मग तिनं दुर्बिणीचं सांगितलं. भाकरीच्या पिठाचे हात धुवायचे राहिले होते, ते धूत बराच वेळ नळापाशी उभा राहिला.

खेळघर म्हणजे मुलांच्या खेळातून त्यांच्या मनातलं ओळखायची एक लांबट खोली. वाळूची पेटी, बाहुल्या, लाकडी ठोकळे, जुने कपडे, रिकामे डबे. तिथल्या बाई ठेंगण्या, गुडघेदुखीनं बेजार. जमिनीवर बसताना दर वेळी "आई गं" म्हणायच्या आणि मुलं हसायची. पहिल्याच दिवशी त्यांनी आईला विचारलं, "मागच्या काही महिन्यांत घरात काही घडलं का? कुणी गेलं, आलं, भांडण, आजारपण?"

"नाही," आई म्हणाली. "काही नाही."

ती खोटं बोलत होती असंही नाही. तिच्या कामात चेहरा सरळ ठेवायचा असतो. पडद्यावर काहीही दिसो, गाठ दिसो नाहीतर जुळी दिसोत, भुवईसुद्धा हलवायची नाही. माणूस पलंगावरून मान वळवून विचारतो, "काय दिसतंय हो?" आणि ती दर वेळी एकाच आवाजात सांगते, "डॉक्टर सांगतील." मग कागदाचा रोल पुढे करते, "पुसून घ्या, झालं." नियमच आहे तसा, आणि चांगला आहे. पण इतकी वर्षं चेहरा सरळ ठेवला की तो घरी येतानाही तसाच राहतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

घडलं होतं ते असं. भिंगरीच्या शाळेला सुट्टी असली की ती आईबरोबर त्या अंधाऱ्या खोलीत यायची. पेशंट असला की पडद्यामागे चित्रं काढत बसायची. दोन पेशंटांच्या मध्ये आई कधीतरी पलंगावर पाठ टेकायची, स्वतःच्या पोटावर जेल लावायची आणि भिंगरीला बोलवायची. पडद्यावर एक इवलासा ठिपका लुकलुकायचा. "हे बघ, चाललंय बाळाचं," आई म्हणायची. चित्र धरून ठेवायचं मोठं बटण दाबायचा मान भिंगरीचा. आई म्हणायची "थांबव", की ती दोन्ही हातांनी दाबायची आणि चित्र जागच्या जागी थांबायचं. पुन्हा दाबलं की पुन्हा लुकलुक. त्या खेळाची तिला कोण मिजास!

मग एके दुपारी आईनं पोटावर फिरवायचा तो प्रोब ठेवला आणि लुकलुक दिसेना. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. तिला कळलं. चेहरा सरळ राहिला, तो तिच्या हातात नव्हताच. तिनं पोट पुसलं, हात धुतले आणि बाहेरच्या पेशंटला आत बोलावलं. त्या दिवशी तिनं उरलेले सगळे पेशंट केले. घरी येऊन नवऱ्याला दोन वाक्यांत सांगितलं, दोघं रात्रभर छताकडे बघत पडले, दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन जे करायचं ते झालं. भिंगरीला काय सांगायचं? "विचारेल तेव्हा सांगू," असं ठरलं. तिनं विचारलंच नाही. लहान आहे, विसरली असेल, म्हणून दोघांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पुढच्याच आठवड्यात पोट दुखायला लागलं, आणि आईच्या डोक्यात त्या दोन गोष्टींची गाठ काही पडली नाही. पडू दिली नाही म्हणा हवं तर.

खेळघराच्या दाराला काच नव्हती. आत लेक, बाहेर आई आणि मध्ये बंद दार. तिला चैन पडेना. पिशवीतली पाण्याची बाटली काढायची, न पिता परत ठेवायची. खालून पेशंटसाठी फोन यायचा, येते म्हणायची आणि जायची नाही. दार उघडलं की बाईंवर तुटून पडायची, "काही सापडलं?"

"खेळतेय."

"पण काय खेळतेय?"

"ते तिचं आहे, ताई. वेळ आली की सांगेन."

आई भडकली. हे काय उत्तर झालं? माणूस इथं जीव मुठीत धरून उभं आहे आणि ही बाई थंडपणे दार लावून घेते! आयुष्यभर लोकांना तसंच उत्तर दिलेली ही, पण स्वतःच्या वाट्याला आल्यावर तिच्या अंगाचा तिळपापड झाला. लिफ्टमध्ये शिरल्यावर मात्र तिला तिच्या पलंगावरचे चेहरे आठवले, मान वळवून बघणारे. बरेच आठवले.

तारीख जवळ आली. भिंगरीचं दुखणं वाढलंच. एका सकाळी तिनं दूधही ओकून टाकलं, आणि आईनं तिला कामावर नेऊन, पहिला पेशंट येण्याआधी, पुन्हा एकदा पलंगावर झोपवलं. पोर निमूट झोपली. मशीनकडे न बघता आईच्या तोंडाकडे बघत राहिली. आई पडद्यात डोळे घालून शोधत होती.

"दिसलं?" भिंगरीनं विचारलं.

"काही नाही. डॉक्टर सांगतील," आई म्हणाली. सवयीनं.

त्या दिवशी दुपारी बाईंनी दार अर्धं उघडलं आणि म्हणाल्या, "आज तुम्ही आत या. तिला पेशंट हवाय. बाहुल्या चालत नाहीत म्हणते."

आई दारातच थबकली. "मी काय करायचं?"

"ती सांगेल ते. समजूत घालायची नाही, शिकवायचं नाही. आणि तपासायचं तर मुळीच नाही. जमेल?"

"जमेल," आई म्हणाली. जमेलसं वाटत नव्हतं.

आत वाळूच्या पेटीशेजारी सतरंजी अंथरलेली होती. भिंगरीनं बुटांचं खोकं उभं करून त्यावर कागदाचा पडदा चिकटवला होता. साबणाची डबी दोरीनं बांधलेली, तो प्रोब. खोक्याच्या पुढच्या बाजूला रंगीत खडूंनी बटणं काढली होती. आईच्या मशीनवर होती तशीच, तितकीच, त्याच जागी. बाई कोपऱ्यात "आई गं" म्हणत बसल्या, पण भिंगरी हसली नाही. ती कामावर होती.

"झोपा," ती म्हणाली. "पोट उघडं करा. गार लागेल हं थोडं."

आई आडवी झाली. साबणाची डबी पोटावर फिरायला लागली. भिंगरीचा चेहरा सरळ. भुवई हलत नव्हती, ओठ मिटलेले, डोळे कागदी पडद्यावर. आईनं तो चेहरा आयुष्यात पहिल्यांदाच समोरून पाहिला. आपण असे दिसतो? पलंगावरच्या माणसाला आपण असे दिसतो?

"काय दिसतंय हो?" तिनं विचारलं.

"डॉक्टर सांगतील," भिंगरी म्हणाली.

"कधी सांगतील?"

भिंगरी थांबली. हा प्रश्न तिच्या खेळात नव्हता. "सांगत नाहीत," ती म्हणाली. "वाट बघायची फक्त."

आईला उठून बसावंसं वाटलं, पोरीला कुशीत ओढावंसं वाटलं. कोपऱ्यातून बाईंनी नुसतं बघितलं. ती पडून राहिली. काहीतरी बोलायचं म्हणून, आणि तोंडाला तीच सवय म्हणून, ती म्हणाली, "थांबव ना चित्र. माप घ्यायचं असतं."

"नाही." भिंगरी ताडकन मागे सरकली. "ते बटण बंद आहे."

तेव्हा आईनं खोक्याकडे नीट पाहिलं. खाली उजव्या कोपऱ्यातलं मोठं बटणही रंगवलेलं होतं आणि त्यावर चिकटपट्टी लावलेली होती. एकावर एक, आडवी, उभी, तिरकी. सगळा रोल तिथंच संपवला असावा.

"का बंद आहे?"

"त्याला हात लावायचा नाही. ते दाबलं की आतलं बंद पडतं." मग हळू आवाजात, खेळातल्या नव्हे, स्वतःच्या आवाजात ती म्हणाली, "मी दाबलं होतं. तू थांबव म्हणाली नव्हतीस. मी आधीच दाबलं. मग ते चालूच झालं नाही."

ती दुपार आईसमोर उभी राहिली, इतके दिवस जिच्याकडे तिनं पाठ फिरवली होती ती. लुकलुक शोधताना चित्र अचानक थांबलं होतं. बटणावर दोन छोटे हात होते. तिनं ते झटकले होते. जोरात झटकले होते, कारण तिला पुन्हा बघायचं होतं, कारण क्षणभर तिलाही वाटलं होतं की चित्र थांबलंय म्हणूनच काही हलत नाहीये. मग तिनं बटण पुन्हा दाबलं, चित्र सुरू झालं, आणि तरी काही हललं नाही. ते हात झटकल्याचं ती साफ विसरली होती. जिचे झटकले ती विसरली नव्हती. तेव्हापासून बेल नाही, लिफ्ट नाही, दिव्याचं बटण नाही. आणि रोज सकाळी पोटात तीच भीती, तिला शोधायला आईनं दर आठवड्याला मशीन लावायची आणि सरळ चेहऱ्यानं बघत बसायचं. पोरीला काय वाटलं असेल? माझ्याही आतलं काही बंद पडलंय का, हेच आई बघतेय, असंच ना?

आईला हे सगळं एका दमात कळलं आणि ती रडायला लागली. उताणी पडल्या पडल्या, कानांत पाणी जाईपर्यंत.

भिंगरी घाबरली. "आई, तोंड असं नाही करायचं!"

"करायचं," आई म्हणाली. "तेव्हाच करायला हवं होतं. भिंगरी, ऐक. डॉक्टर नाहीत सांगणार, मी सांगते. तू बटण दाबायच्या आधीच बाळ थांबलं होतं. मी ठेवला प्रोब तेव्हाच थांबलेलं होतं. मला दिसलं आणि मी कुणाला सांगितलं नाही. तुझे हात झटकले ते घाबरून. चूक माझी होती, तुझी नव्हती."

पोर बघत राहिली. तिनं बाईंकडे पाहिलं, बाईंनी मान डोलावली नाही की हलवली नाही. मग तिनं विचारलं, "मग त्या बटणानं काय थांबतं?"

"फक्त चित्र."

"खरं?"

"खरं."

"मग खऱ्यावर दाखव."

आईनं बाईंकडे पाहिलं. "तिनं मागितलंय तेवढंच," बाई म्हणाल्या आणि भिंतीला धरून उठायला लागल्या.

शेवटचा पेशंट गेल्यावर दोघी तळमजल्यावरच्या खोलीत गेल्या. दिवा मालवायचा होता, तो आईनंच मालवला. या वेळी पलंगावर आई झोपली. बरगड्यांच्या मधून प्रोब लावला आणि पडद्यावर तिचं काळीज आलं, मोठं, झडपा उघडत-मिटत, धडधडताना.

"हे कुणाचं?"

"माझं. ये, छातीला कान लाव. ऐकू येतंय?"

"येतंय."

"आता दाब."

"नको." भिंगरीनं हात पाठीमागे नेले. "तू बंद पडशील."

"नाही पडणार."

"पडलीस तर?"

आईला घाई करावीशी वाटली. तिचा स्वभावच तो. पण तिनं प्रोब तसाच धरून ठेवला. बाहेर कुणीतरी खुर्च्या लोटत होतं, जिन्यावर पावलं वाजत होती. भिंगरी तशीच उभी होती, कान छातीला, एक हात हवेत. तो हात बटणापर्यंत गेला, मागे आला, पुन्हा गेला.

मग तिनं दाबलं.

चित्र थांबलं. काळीज पडद्यावर अर्धं उघडं राहिलं, हलेना. आणि भिंगरीच्या कानात ते चाललंच होतं. तिनं डोळे गच्च मिटले आणि ऐकत राहिली. मग बटण पुन्हा दाबलं, पुन्हा थांबवलं, पुन्हा सुरू केलं. आईच्या बरगड्यांना प्रोब रुतत होता, तिनं काढला नाही.

शेवटी भिंगरीनं रोलमधून हातभर कागद फाडला आणि आईला दिला. "पुसून घ्या, झालं," ती म्हणाली. दारापर्यंत गेली, थबकली, वळून म्हणाली, "चालू आहे."

म्हणून काही दुसऱ्या दिवशी पोट दुखायचं थांबलं नाही. दुखलं. आईचा हात आपोआप तिच्या पोटाकडे गेला आणि तिथंच राहिला, काहीही न शोधता, आणि दोघी बाळाबद्दल बोलल्या. बाबाही येऊन बसला. तो पोरीच्या पायांचे तळवे चोळत राहिला. दुर्बिणीची तारीख आईनं फोन करून रद्द केली. डॉक्टर "बरं" म्हणाले, आणखी काही विचारलं नाही. खेळघर मात्र सोडलं नाही.

पुढे एका दुपारी दोघी घरी परतल्या. दारात भिंगरी थांबली. मूठ उचलली, खाली घेतली. मग टाचा उंचावून तिनं बेलवर बोट ठेवलं आणि आईकडे बघितलं. बघत बघतच दाबलं.

आत बेल वाजली. भिंगरीनं झटकन आईच्या छातीला कान लावला.

"आहेस?"

"आहे."

तिनं पुन्हा बेल दाबली, आणि या वेळी बोट काढलंच नाही. आतून बाबा ओरडत आला, "अरे, कोण आहे ते? आग लागलीये का कुठे?" आणि दार उघडून बघतो तो मायलेकी उंबऱ्यात, एकीचं बोट बेलवर, दुसरीचा चेहरा रडून वेडावाकडा, आणि बेल वाजतेच आहे.